गिरिजाचा बॅटवाला फोटो

...नाही, मला एवढंच सांगा, फोटो हातात आला की तुम्ही कुठली बाजू बघता? पुढची ना? ज्या बाजूला माणसं असतात ती? मग. आमचे परेशराव, म्हणजे जावई आमचे, ते फोटो पाठीमागून बघतात. फोटो आला की आधी पालथा घालायचा, मग पाठीवर शिक्का कुठला, शिक्क्याची शाई कुठली, कागद पिवळा पडलाय तो वयाने पडलाय की कोणी चहात बुडवून पाडलाय... आणि पुढे कोण उभं आहे ते सगळ्यात शेवटी. आमच्या चैतालीला बघायला आले होते तेव्हा असं काही केलं नाही, नशीब.

मी काही बोललो नाही. मुळात मी बोलणारा माणूस नाही. शाळा चौथीपर्यंत, पुढचा जन्म बोटीच्या इंजिनात, तेलवाला म्हणून, आणि तिथे आवाज एवढा की तोंड उघडून उपयोगच नाही, जे काय सांगायचं ते खुणेने. त्यामुळे सवय गेली. आता मुलीकडे असतो, इथे सिंगापुरात, बुकित तिमाहला, पार वरच्या मजल्यावर, आणि इथे शांतता एवढी की बोललो तर आपलाच आवाज ऐकून दचकायला होतं. तुम्ही बसलाय म्हणून सांगतो, नाहीतर मी कशाला.

तर परेशरावांचा नाद. माणूस सज्जन हो, तांजोंग पगारला मोठ्या ऑफिसात आहेत, पिणं नाही, पत्ते नाहीत, मला औषधाची आठवण करतात. फक्त हा एक नाद. अमेरिकेत शिकायला होते तिथे लागला. जुने बेसबॉलचे फोटो जमवायचे. शंभर शंभर वर्षांपूर्वीचे खेळाडू, मिशावाले, ढगळ विजारींचे, आज त्यांचे नातूसुद्धा नसतील. आता बेसबॉल म्हणजे काय हे परेशरावांनी मला किती वेळा समजावलं, वाट्या मांडून, चमचे पळवून, पण मला एवढंच कळलं की माणूस एका जागेवरून जीव खाऊन पळत सुटतो, सगळीकडून फिरतो आणि जिथून निघाला तिथेच परत येऊन पोचला की लोक टाळ्या वाजवतात. मी म्हटलं हे तर आमच्या बोटीच्या नोकरीसारखं झालं. फक्त आमच्या टाळ्या कोण वाजवणार?

रविवारी चहा झाला की परेशराव फोटो घेऊन बसतात आणि मला जवळ बसवतात, कारण दुसरं कोणी बसत नाही. अप्पा, हा कधीचा असेल सांगा बरं. मी म्हणतो, जुना. तसं नाही अप्पा, वर्ष काढायचं. आणि मग ते काढतात हो, खरंच काढतात, मला नवल वाटतं. खेळाडूच्या सदऱ्यावर पाठीला नंबर नाही, म्हणजे नंबर घालायच्या आधीचा. हातमोज्याची बोटं सुटी आहेत, दोरीने जोडलेली नाहीत, म्हणजे त्याच्याही आधीचा. मागच्या भिंतीवर जाहिरात रंगवलीय, ती कंपनी बुडाली कधी ते शोधायचं. फोटोच्या पाठीवर बातमीवाल्यांचा शिक्का, शिक्क्यात पत्ता, ते त्या पत्त्यावर कधीपर्यंत होते ते बघायचं. एका चेंडू मारणाऱ्या माणसासाठी एवढा पोलीस तपास.

वर त्यात प्रकार. फोटो काढला आणि त्याच निगेटिव्हवरून वर्षा-दोन वर्षांत छापला तर तो टाईप वन. तो राजा. तीच निगेटिव्ह, पण छापला खूप नंतर, तर तो टाईप टू. माणूस तोच, मिशी तीच, पण मान नाही. मी मनात म्हटलं, म्हणजे बोटीवरून सुट्टीवर येणारा नवरा टाईप वन आणि रिटायर होऊन कायमचा घरी बसलेला टाईप टू. बोललो नाही. सवय नाही.

आणि तो दिवा. सिंगापुरात नव्या इमारतींमध्ये घराघरात एक बॉम्बपासून वाचायची खोली असते, जाड भिंती, लोखंडी दार. सरकारने दिलीय बॉम्बसाठी, लोक ठेवतात तांदूळ आणि बॅगा. तर तिथे काळोख मिट्ट म्हणून हे फोटो घेऊन तिथे जाणार, मला हाताला धरून नेणार, लोखंडी दार लावणार आणि तो जांभळा दिवा फोटोवर मारणार. जुना कागद असेल तर काळाच राहतो आणि दुसऱ्या मोठ्या लढाईनंतरचा असेल तर निळा-पांढरा चमकतो. भरदुपारी दोन पुरुष तांदळाच्या पोत्यावर बसलेत आणि एक दुसऱ्याला म्हणतोय, "चमकला का हो? नाही ना? वा." बाहेरून कामवाली बाई दार वाजवून विचारते, अंकल ओके? काय सांगणार तिला?

हे सगळं ठीक होतं. मला काय, सोबत होते. पण त्यांचा डोळा गेला आमच्या गिरिजाच्या फोटोवर.

गिरिजा म्हणजे माझी बायको. गेली. बरीच वर्षं झाली आता. तिचा एक फोटो हॉलमध्ये देवाच्या शेजारी फळीवर असतो, पोस्टकार्डाएवढा, काळापांढरा. आता तुम्ही बघितलात तर तुम्हालाही गंमत वाटेल. आमच्या गावचं अंगण, दाभोळकडचं, मागे पडवी, आणि गिरिजा उभी आहे लुगडं नेसून, डोक्यावर पदर, पदरावर बेसबॉलची टोपी आणि खांद्यावर बेसबॉलची बॅट. आणि हसतेय. साधंसुधं नाही, तोंडाला पदर लावायलाही वेळ मिळाला नाही असं हसतेय.

आता बॅट कुठून आली म्हणाल, तर मी आणलेली. आमची 'जलकमल' बोट जपानमध्ये कोबेला गोदीत दुरुस्तीला लागली होती, तिथले कामगार जेवणाच्या सुट्टीत बेसबॉल खेळायचे, मी बघत बसायचो, जाताना त्यांनी एक जुनी बॅट नि टोपी मला दिली. काय करायची हे त्यांनी विचारलं नाही, मलाही माहीत नव्हतं. घरी आणली. गिरिजाने हातात घेतली, वजन बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिने धुणं धोपटायला सुरुवात केली. ती बॅट किती वर्षं टिकली सांगू? चादरी फाटल्या, बॅटीला काही झालं नाही.

त्याच फेरीत मी कॅमेराही आणला होता, जुना, वापरलेला. आणि तुम्हाला सांगतो, त्या सुट्टीत मी बायकोचे फोटो काढायचा सपाटा लावला. कारण काय, बोटीवर सगळ्यांकडे बायकोचा फोटो आणि माझ्याकडे लग्नातला, त्यात मुंडावळ्यांमागे कोण आहे ते कळत नाही. पण गिरिजा कॅमेरा समोर आला की खांब. हात सरळ, मान सरळ, डोळे मोठे. मी म्हणायचो जरा हस, तर दात दाखवायची, दुखतात म्हणून डॉक्टरला दाखवावेत तसे. विहिरीवर खांब, तुळशीजवळ खांब, गोठ्यात गाय बरी आलीय, ही खांब. आणि एकच, तो बॅटवाला, त्यात हसली.

तेव्हा रोळ अर्धाच झाला होता, सुट्टी संपली. अर्धा रोळ कोण धुवायला देतो? आपल्यात देतं का कोणी? छत्तीस फोटोंचे पैसे मोजलेत तर छत्तीस काढल्याशिवाय तो बाहेर येत नाही, त्यात गणपती येतात, बारसं येतं, पुढचे गणपती येतात. कॅमेरा तसाच ट्रंकेत ठेवून मी बोटीवर गेलो. पुढच्या सुट्टीत आलो, उरलेला संपवला आणि चिपळूणला धुवायला दिला. सगळे फोटो एकदम आले. त्यात हा. मी पाकिटात घातला आणि पुढे जेवढ्या बोटी केल्या त्या सगळ्या ह्या फोटोबरोबर केल्या.

आणि मला आठवायचं हो. इंजिनातून वर यायचं, हात पुसायचे, बंकवर पडायचं आणि फोटो काढायचा. सगळं आठवायचं. मी अंगणात गुडघ्यावर बसलोय, टोपी मीच तिच्या डोक्यावर ठेवलीय, ती म्हणतेय नको, आणि मी म्हणतो, "गिरिजा, तू जपानी हवालदार दिसतेस," आणि ती हसते आणि मी बटण दाबतो. मी जन्मात फार कोणाला हसवलं नाही. जमत नाही मला, गोष्ट सांगायला घेतली तर लोक मध्येच उठून जातात. पण एकदा हसवलं होतं, आणि त्याचा पुरावा होता. एवढंच माझं म्हणणं.

तर त्या आठवड्यात चैताली ऑफिसच्या कामाने जकार्ताला गेली आणि परेशराव फळीपाशी येऊन घुटमळायला लागले. अप्पा, एक विचारू? आईंचा फोटो जरा चौकटीतून काढून बघूया? बेसबॉल आणि कोकणातली बाई, असा फोटो जगात दुसरा नसेल हो, आमच्या ग्रुपमध्ये दाखवतो. वर्ष तेवढं पक्कं करू. मी म्हटलं चैतालीला विचारा. तर म्हणाले ती यायच्या आत परत ठेवू. हे बोलताना आवाज खाली गेला त्यांचा. तुम्हाला सांगतो, या घरात आम्ही दोघेही तिला घाबरतो, त्यामुळेच आमचं जमतं.

झालं. फोटो निघाला. पालथा घातला गेला. माझ्यासमोर गिरिजा पालथी. पाठीवर चिपळूणच्या स्टुडिओचा शिक्का, अर्धा पुसलेला. मग बॉम्बच्या खोलीत. चमकली. चमकणारच होती, लढाईनंतरचीच आहे ती. मग बाहेर उजेडात फोटो तिरका धरून बघितलं, काळ्या भागावर कडेकडेने चांदी चढलीय, म्हणजे छपाई जुनीच. परेशराव खूष. अप्पा, टाईप वन. आता वर्ष. मी म्हटलं, वर्ष मला असं नाही सांगता यायचं, मी बोटीवर सांगतो. म्हणजे आमचं सगळं तसंच असतं, लग्न कुठल्या बोटीवर असताना, चैताली कुठल्या बोटीवर असताना झाली. हा फोटो 'जलकमल'वरून उतरलो त्या सुट्टीतला. परेशरावांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, पुराव्याने सिद्ध करू.

कशाला सिद्ध करायचं? मी सांगतोय ना? पण मी बोललो नाही.

त्यांनी फोटो मशीनवर घातला आणि भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर लावला. आणि अहो... गिरिजा एवढी मोठी मी कधी बघितली नव्हती. दाराएवढी. बांगड्या मोजता येत होत्या. कपाळावर केसांची एक बट सुटलेली, ती मला कधी दिसलीच नव्हती इतक्या वर्षांत. मी उठून टीव्हीजवळ गेलो. परेशराव मागे चालूच, आधी चेहरा नाही बघायचा अप्पा, चेहऱ्याने माणूस फसतो, मागचं बघायचं, भिंत, खांब, काय काय टांगलंय ते. आणि ते पडवीवर सरकत सरकत गेले आणि थांबले.

"अप्पा, हा बल्ब कधीचा?"

पडवीच्या वाशाला एक वायर आणि वायरला बल्ब. पोस्टकार्डावर तो तांदळाच्या कणीएवढा, मला वाटायचं कागदावरचा डाग आहे. टीव्हीवर नारळाएवढा. आणि तुम्हाला सांगतो, तो तिथे असायलाच नको होता. कारण 'जलकमल'वरून आलो तेव्हा आमच्याकडे कंदील. पूर्ण सुट्टी कंदील. वीज आली ती मी पुढच्या बोटीवर असताना. परत आलो तेव्हा संध्याकाळी गिरिजाने मला पडवीत उभं करून बटण दाबून दाखवलं होतं, आणि मी काहीतरी बोलावं म्हणून वाट बघत होती. म्हणजे बल्ब आहे तर मी नाही. आणि परतल्यावर रोळ संपवला तो मी स्वतः, देवळात, बहिणीच्या लग्नात. अंगणातला एकही नाही.

म्हणजे मी काढलाच नाही तो फोटो. गुडघ्यावर बसलो नाही, टोपी घातली नाही, जपानी हवालदार म्हटलं नाही. जे झालंच नाही ते मला एवढं नीट आठवत होतं? तिचं "नको"सुद्धा आठवत होतं मला, आवाजासकट...

परेशराव चांगले आहेत. त्यांच्या लक्षात आलं, टीव्ही बंद केला, म्हणाले, अप्पा, वर्ष एकानेच चुकलंय, आमच्या खेळात एका वर्षाला काही नसतं. मी म्हटलं, खरंय.

दुसऱ्या दिवशी मी क्लेमेंटीला हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांत, जाऊन बसलो. बस थेट जाते. कॉफी घेतली, निवली, तशीच ठेवली. मग कोणाकडे बघून हसली? पोस्टमन? तो तर स्वतःच रडक्या तोंडाचा. शिंपी होता शेजारी, पण त्याला ऐकायला येत नव्हतं. मग माझा चुलतभाऊ मनोहर. तो मात्र... गावच्या नाटकात विनोदी काम त्याचंच. तो नुसता आला तरी बायका हसायला लागायच्या. आणि मी बोटीवर असताना आमचा बाजारहाट तोच बघायचा, चांगलाच होता बिचारा, वारलाही कधीचा. आणि मी इथे सिंगापुरात, या वयात, गार कॉफीपुढे बसून त्या मेलेल्या माणसावर जळतोय. ती हसली याचं वाईट नाही हो. हसली असेल तर बरंच झालं, सगळी वर्षं एकटीने काढली तिने. पण मी तिचं हसू आपलं समजून पाकिटात घालून जगभर फिरवलं, आणि ते दुसऱ्याचं निघालं तर परत कोणाला करायचं?

शेवटी मी परेशरावांना बोललो. हो, बोललो. जन्मात मोजक्या वेळा बोललोय त्यातलं ते एक. मी म्हटलं, तुम्हीच म्हणाला होतात, पेपरवाले फोटोवर ब्रशने रंग लावायचे, मागची माणसं पुसायचे, कडा काढायचे. मग चिपळूणवाल्यानेही लावला असेल. त्याला सवय होतीच, आमच्या मामांना त्याने फोटोत मिशी रंगवून दिली होती. त्यानेच बल्ब रंगवला असेल. परेशरावांनी माझ्याकडे बघितलं. कंदिलाच्या घराला ब्रशने बल्ब कोण रंगवून देईल, हे त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं. पण म्हणाले, चला, मिस्टर कोहना दाखवू.

मिस्टर कोह म्हणजे इथले चिनी गृहस्थ, जुन्या फोटोंचं दुकान आहे त्यांचं, जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर. माझ्याच वयाचे. परेशरावांच्या सगळ्या खेळाडूंचा खरेखोटेपणा तेच ठरवतात. दुकानात आमच्या आधी एकजण बसला होता, डोकं धरून, त्याने घेतलेला फोटो नकली निघाला होता. तो उठला, त्याच्या जागी मी बसलो.

कोहनी फोटो घेतला, पण पालथा नाही घातला हो. आधी गिरिजाकडे बघितलं, चांगला वेळ घेऊन, आणि मान हलवली, ओळख करून घ्यावी तशी. मग डोळ्याला भिंग लावलं. दिवा बाजूने मारला, रंग असेल तर उंचवटा दिसतो म्हणून. बल्बवर आले. थांबले. परत बघितलं. मी देवाला म्हटलं, बाबा, एवढा एक खोटा कर. अस्सल निघू दे म्हणून सगळे तिथे जीव मुठीत धरून बसतात, आणि मी बसलोय नकली निघावा म्हणून.

कोहनी भिंग खाली ठेवलं. "अंकल, रिअल. बल्ब ऑल्सो रिअल. सॉरी आह."

आणि माझा चेहरा बघून परेशरावांना हळूच म्हणाले, एव्हरीबडी कम हिअर वाँट रिअल, ओन्ली धिस अंकल वाँट फेक, व्हाय लाह? परेशरावांनी काय सांगितलं मला कळलं नाही. पण कोहनी फोटो दोन्ही हातांनी मला परत दिला आणि खालपर्यंत सोडायला आले. पैसे घेतले नाहीत.

घरी आलो तर दारात बॅग. चैताली एक दिवस आधीच आलेली. हॉलमध्ये फळीपुढे उभी, कमरेवर हात, रिकाम्या चौकटीकडे बघतेय. आम्ही दोघे दारातच, चपला काढायचं सुद्धा विसरलो. ती वळली. आईचा फोटो कुठाय? परेशराव म्हणाले, अप्पांनी... मी त्यांच्याकडे बघितलं. म्हणाले, आम्ही. मग तिने जे काय ऐकवलं ते मी सांगत नाही, जावई आहेत ते शेवटी. तुमचे खेळाडू पुरले नाहीत का, माझ्या आईला दुकानं दाखवत फिरवताय, इथपासून. मी फोटो खिशातून काढून तिच्या हातात दिला. आणि कसं कोणास ठाऊक, तोंडातून निघून गेलं.

"चैतू, हा फोटो मी नाही काढला गं."

ती म्हणाली, "माहीत आहे. मी काढला."

आता काय म्हणायचं? बॉम्बची खोली झाली, जांभळा दिवा झाला, टीव्ही झाला, कोह झाले, आणि ही घरातली बाई, रोज आमच्यासमोर जेवायला बसते. मी म्हटलं, कधी बोलली नाहीस? तर म्हणाली, तुम्ही विचारलंत कधी? मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, मी सोडून काढणार कोण होतं?

पहिलीत होती ती तेव्हा. मग तिने सांगितलं, बॅगेवरच बसून. पाऊस संपला की आई ट्रंका उन्हात घालायची, बुरशी धरते म्हणून. त्या दिवशी तुमची टोपी निघाली, कॅमेरा निघाला. आणि मी रडत होते. कशाला रडत होतीस, मी विचारलं. तर म्हणाली, तुमच्यासाठी. मी नेहमीच रडायचे हो अप्पा, तुम्ही गेलात की. मग आई तुमची नक्कल करायची. टोपी नव्हती तेव्हा डोक्याला टॉवेल, बॅग म्हणून काखेत उशी, आणि फाटकापासून पडवीपर्यंत तुमच्यासारखी चालत यायची. पाय फाकवून, हळू, जमीन हलतेय अशी. पडवीत येऊन उभी राहायची आणि काहीच बोलायची नाही, तुमच्यासारखी. मग मी हसायचे, मग तिलाच हसू फुटायचं. त्या दिवशी टोपी होती आणि खांद्यावर बॅट, मी कॅमेरा उचलला नि बटण दाबलं. तर मला रागावली, अप्पांचा एक फोटो वाया घालवलास म्हणून.

मी खाली बसलो. म्हणजे मी तिथे होतो. बोटीवर होतो आणि अंगणातही होतो, लुगडं नेसून. मनोहर नाही, पोस्टमन नाही, ती मलाच हसत होती. आणि हे एकदाच नाही, नेहमीच! मी तिकडे इंजिनात घाम गाळतोय आणि इकडे माझ्यावाचून माझं येणं रोज चालू.

परेशराव हळूच म्हणाले, म्हणजे छायाचित्रकार आणि वर्ष दोन्ही पक्कं झालं. चैतालीने नुसतं बघितलं, ते चपला काढायला वळले.

मी म्हटलं, करून दाखव ना. कशी करायची ती? चैताली म्हणाली, मला कुठे येतं अप्पा. मी म्हटलं, बघ तरी. मग उठली, कोपऱ्यातली छत्री खांद्यावर घेतली आणि दारापासून सोफ्यापर्यंत चालली. पाय फाकवले, मान घातली, पण दोन पावलांत थांबली, म्हणाली, नाही, आईसारखं होत नाही. डोळे पुसले तिने. परेशराव म्हणाले, बरं होतं की. पण नव्हतं, ते मलाही दिसत होतं. आणि मला बघायची होती हो ती चाल. स्वतःला चालताना कोण कधी बघतो? बघणारी एकच होती.

मग मला वाटलं, यात काय एवढं, चाल तर माझीच आहे ना? मी उठलो. छत्री घेतली. दारापाशी गेलो आणि आपला चालत आलो, जसा चालतो तसा, पंख्याखाली येऊन उभा राहिलो, काही बोललो नाही. दोघांनी नीट बघितलं. परेशरावांनी तर चष्मा लावून बघितलं. चैतालीने मान हलवली.

"नाही अप्पा, तुम्हालाही नाही जमत. आई फार छान करायची."

मी म्हटलं, करत असेल बाई. तिला सराव होता. मी घरी होतोच किती?